रिकामा चौथरा

१

इमारत पडेल की नाही हे सांगणं माझं काम. ती पडण्याआधी कशी दिसत होती हे काढून ठेवणं माझ्या नवऱ्याचं. घरी आलेल्या पाहुण्यांना आम्ही आमच्या धंद्याची ओळख अशीच करून देतो. पाहुणे हसतात, आम्हीही हसतो, आणि मग आमची लेक आतल्या खोलीतून ओरडते, "दर वेळी तोच विनोद!"

जुन्या इमारतींवर आम्ही बरोबरच जातो. सकाळी पोचलं की तो आधी चित्राची फळी मांडतो, पेन्सिलींना टोक काढतो आणि मगच बोलायला लागतो. मी छोटी हातोडी घेऊन दगड ठोकत फिरते. चांगला दगड खणखणतो, आतून फुटलेला बद्द वाजतो. बाकीचं गणित नंतर कागदावर होतं, पण बहुतेक वेळा कानाला आधीच कळलेलं असतं.

चित्रात तो नेहमी एक माणूस काढतो. शेजारी माणूस दिसला की इमारत केवढी आहे ते बघणाऱ्याला लगेच कळतं. याला आम्ही मापाचा माणूस म्हणतो. नवरा त्या जागी स्वतःलाच काढतो, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि पोट थोडं आत घेतलेलं. या माणसाचा एकच नियम आहे. त्याने भिंतीला, खांबाला, कशालाही टेकायचं नाही. टेकला की तो इमारतीत जमा होतो आणि मापाला कुणी उरत नाही. हा नियम मला नवऱ्यानंच शिकवला होता, आमचं लग्न ठरायच्या आधी, एका पडक्या पुलाखाली उभं राहून.

२

या वेळी काम होतं एका जुन्या सभागृहाचं. तिथल्या समितीला ते लोकांसाठी पुन्हा उघडायचं होतं. छताला भार पेलतो की नाही एवढंच मी सांगायचं होतं.

बांधणाऱ्यांना आपलं काम येत होतं, हे पहिल्या दिवशीच कळलं. खांबांचा दगड काळा आणि जड, छताचा मात्र हलका, बारीक छिद्रांचा. म्हणजे वजन जितकं वर जाईल तितकं कमी होत गेलेलं. दोन दगड जोडणाऱ्या लोखंडी पकडी होत्या, आणि प्रत्येक पकडीभोवती शिसं ओतलेलं होतं. शिसं मऊ असतं. लोखंड गंजून फुगलं तरी ते दबतं आणि दगड फुटत नाही.

प्रत्येक खांबाला पाठ लावून, कमरेएवढ्या चौथऱ्यावर, दगडाचा एक माणूस उभा होता. पुरा माणसाच्या उंचीचा. कुंभार, दोरखंड वळणारा, कडेवर मूल घेतलेली बाई, पोट सुटलेला व्यापारी. देव एकही नव्हता आणि राजाही नव्हता. खांबातून हातासारखा बाहेर काढलेला एक दगड प्रत्येकाच्या खांद्यावर टेकला होता, आणि त्या दगडी हातावर छताची तुळई.

अशा मूर्ती बहुतेक ठिकाणी शोभेच्या असतात. खांब भार घेतो, मूर्ती भार घेतल्याचं सोंग करते. म्हणून मी व्यापाऱ्याच्या खांद्यावर हातोडी मारली. आवाज इतका ताणलेला आला की मी हात मागे घेतला. तो खरोखरच पेलत होता.

"वजन यांच्यातूनच जातंय," मी नवऱ्याला म्हटलं. "या मूर्ती काढल्या तर छत खाली."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "ज्यांनी इथं जमायचं त्यांनीच छप्पर धरायचं. नुसतं तोंडानं नाही सांगितलं बघ त्यांनी. करूनच दाखवलं."

"फार छान. आणि एकाची कंबर लचकली तर?"

"तुझ्यासारख्या मॅडम येतात ना तपासायला."

चेहरे मात्र मला आवडले नाहीत. त्यांच्यावर कष्ट दिसत नव्हते. बसथांब्यावर माणसं उभी असतात तसे ते उभे होते, बस येईलच अशा खात्रीनं.

३

एक चौथरा रिकामा होता.

मागच्या बाजूला, खिडकीपासून दूर. वरचा दगडी हात बाहेर आलेला होता, पण त्याखाली कुणीच नव्हतं. मूर्ती तुटली असेल म्हणून मी खुणा शोधल्या. तुटलेल्या दगडाची कड, उखडलेली पकड, शिशाचा एखादा थेंब, काहीच नव्हतं. चौथऱ्याच्या माथ्यावर पावलांच्या आकाराचे दोन उथळ खळगे होते, जुन्या घराच्या उंबऱ्याला पडतात तसे गुळगुळीत.

सभागृहाची देखरेख करणाऱ्या बाईंना आम्ही किल्लीबाई म्हणायचो, कारण त्या येण्याआधी त्यांच्या किल्ल्यांचा आवाज यायचा. त्यांना मी विचारलं.

"मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "मी आले तेव्हापासून असंच आहे. एक बरंय, तिथं झाडावं लागत नाही."

"का बरं?"

"धूळच बसत नाही तिथं. काय झाडू?"

त्याच दुपारी नवऱ्यानं त्या बाजूचं चित्र पुरं केलं. मी मागून पाहिलं आणि पहिल्यांदा कळलंच नाही काय खटकतंय. मग दिसलं. मापाचा माणूस खांबाशेजारी नव्हता. नवऱ्यानं त्याला रिकाम्या चौथऱ्यावर चढवलं होतं. खांदा दगडी हाताखाली, बाह्या दुमडलेल्या, पोट आत.

"हे काय?"

"अगं, दात पडल्यासारखं दिसत होतं ते. रांग पुरी वाटेना. म्हटलं, नाहीतरी माणूस काढायचाच आहे."

"टेकलाय तो."

"चित्रात टेकलाय. तुझं छत काही चित्रावर उभं नाही."

मी पुसायला सांगितलं. तो हो म्हणाला आणि त्याने ते पुसलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस अशा गोष्टींवरून भांडत बसत नाही. मी भांडायला हवं होतं.

४

रिकाम्या चौथऱ्यावरच्या तुळईला तडा होता. त्यावर मी काट्याचं एक मापकयंत्र बसवलं होतं. तडा केसभर जरी हलला तरी काटा सरकतो. आम्ही त्याला घड्याळ म्हणतो. उन्हानं दगड तापला की तडा किंचित उघडतो, संध्याकाळी मिटतो. सगळ्या इमारती असा श्वास घेतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. घाबरायचं ते तडा उघडतच गेला तर.

हा उघडत होता. रोज थोडा, आणि संध्याकाळी परत न येता. मी समितीला फोन करून टेकू मागवले.

मग एका दुपारी, ऊन अगदी छतावर असताना, काटा उलटा फिरला. मी शिडीवर होते, डोळ्यांसमोर तो सरकताना पाहिला. तडा मिटत होता.

खाली पाहिलं तर नवरा चौथऱ्यावर उभा होता.

"काय करतोयस?"

"चित्रात खांद्याची उंची बरोबर धरलीय का बघतोय," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे. माझ्याच मापाचं आहे ग हे!"

दगडी हात त्याच्या खांद्यावर टेकला होता. टेकला होता म्हणजे मध्ये पातळ कागद सरकला असता की नाही, एवढंच अंतर. तो मान वळवून हसला. पाय त्या खळग्यांत होते.

"उतर."

तो उतरला. काटा पुन्हा पुढे गेला.

५

मी देवाधर्माची बाई नाही. काटा हलला तर त्याला कारण असतं. शिडी हलली असेल. माझाच धक्का लागला असेल. चौथऱ्यावर वजन आल्यानं खालची फरशी दबली आणि खांब सूतभर कलला असेल. हे शेवटचं कारण मला पटण्यासारखं होतं, म्हणून मी ते तपासलं.

आधी मी स्वतः चौथऱ्यावर चढले. नवऱ्यानं काटा पाहिला. काही नाही. मग किल्लीबाईंना चढवलं. त्या माझ्या दीडपट वजनाच्या आहेत आणि ते त्यांनी स्वतःच हसत सांगितलं. तरीही काही नाही. मग नवरा चढला.

"मिटतोय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलले. काटा सरळ शून्याकडे जात होता.

त्यानंतर तो वेळ मिळेल तेव्हा तिथं जाऊ लागला. डबा खाल्ला की तिकडे. चित्र काढून कंटाळला की तिकडे. विचारलं तर म्हणायचा, पाठीला बरं वाटतं. घरी तो खांदा चोळत बसायचा. लेकीनं तेल लावून दिलं आणि मला हळूच म्हणाली, "आई, बाबाचा खांदा केवढा घट्ट झालाय. बोट रुतत नाही."

मी हात लावून पाहिला. खांदा थंड होता. मला हातोडीची आठवण झाली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली.

६

टेकू आले. लोखंडी, जाड, खाली जॅक आणि जॅकवर भार दाखवणारा काटा. काम सोपं असतं. टेकू तुळईखाली उभा करायचा, जॅक फिरवायचा, काटा चढू लागला की समजायचं की वजन आता टेकूनं घेतलं.

मी टेकू रिकाम्या चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना लावले. नवरा चौथऱ्यावरच होता. मी उतर म्हटलं तर म्हणाला, "आधी लाव तू. मग उतरतो."

जॅक फिरवला. टेकू तुळईला घट्ट भिडला, हलवून हलेना. जॅकवरचा काटा शून्यावर. आणखी फिरवला. माझे तळवे लाल झाले. काटा शून्यावरच. दुसऱ्या बाजूचाही शून्यावर. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी ते व्यापाऱ्याजवळच्या तुळईखाली लावून पाहिलं, तर काटा टणकन वर गेला. यंत्र चांगलं होतं. इथंच त्याला उचलायला काही मिळत नव्हतं. इथलं वजन आधीच कुणीतरी घेतलेलं होतं.

"झालं का?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज दबका येत होता, छातीत हवा भरून धरल्यावर येतो तसा.

"झालं. ये खाली."

"नाही झालं," तो म्हणाला. "मला कळतंय इथं."

"काय कळतंय?"

त्याने पाय खळग्यांत नीट रोवले. मग म्हणाला, "जरा थांब हं. खांदा बदलतो."

आणि वर कुठंतरी, छताच्या हलक्या दगडात, एक लांबलचक करकर सुरू झाली. माझ्या केसांवर चुन्याची भुकटी पडली. करकर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. त्याने दुसरा खांदा लावला होता. चेहऱ्यावर कष्ट नव्हते.

तेव्हा मला भीती वाटली. छताची वाटली नाही. तो चेहरा मी ओळखत होते, रोज सकाळी मी तसल्याच चेहऱ्यांच्या रांगेतून आत येत होते.

७

मी किल्लीबाईंना बाहेर काढलं. आणखी कुणी आत नव्हतं. मग परत येऊन चौथऱ्यापाशी उभी राहिले.

"चल. घरी जायचंय."

"मी निघालो की खाली येईल ते."

"येऊ दे."

"असं कसं येऊ दे? बघ ना तू जरा." तो घरी माझ्याशी बोलतो तसाच बोलत होता, समजुतीनं, थोडा वैतागून. "किती वर्षं धरलंय या सगळ्यांनी. एकाच्या जागेपायी सगळं जायचं का? तूच म्हणालीस ना, एक काढला तर छत खाली."

"ते दगड आहेत."

"हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

मी त्याचा हात धरला आणि ओढला. सगळ्या ताकदीनं ओढला. आधी काहीच झालं नाही. भिंतीत बसवलेली कडी ओढल्यासारखं वाटलं. मी रडत होते, आणि त्याला शिव्या देत होते, आणि लेकीचं नाव घेत होते. "तिला काय सांगू मी? सांग ना, काय सांगू?"

लेकीचं नाव ऐकल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मग एकदम तो सुटला. इतका अचानक की मी मागे धडपडले आणि तो माझ्याबरोबर आला. उडी मारल्याचा आवाजही झाला नाही. आम्ही धावलो. मी मागे न बघता त्याला ओढत सबंध सभागृह पार केलं, दगडी माणसांच्या मधून, दारातून, पायऱ्यांवरून खाली. उन्हात आल्यावर मी थांबले आणि डोकं हातांनी झाकून घेतलं.

काहीच पडलं नाही.

आम्ही तिघंही उभे राहून ऐकत होतो. कबुतरं होती. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. आत शांतता होती, भरल्या घरात सगळे झोपले की असते तशी.

"बघ," मी नवऱ्याला म्हटलं. हसू आवरेना मला. "पडलं का? टेकूंनी घेतलं. घ्यायला वेळ लागतो कधी कधी."

"हं," तो म्हणाला. त्याचा हात माझ्या हातात होता.

किल्लीबाई दार लावायला गेल्या. दोन्ही झडपा मिटत असताना फटीतून मला मागची बाजू दिसली. ओळीनं खांदे होते. एकामागून एक, एकाच उंचीचे, आणि रांगेत कुठंही फट नव्हती. दुमडलेल्या बाहीसारखं काहीतरी एका कोपरावर होतं. मग दार लागलं.

८

गाडी झाडाखाली होती. तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला आणि काच खाली केली. मी आरशात स्वतःला पाहिलं. केसांत चुना होता. त्याच्या केसांत नव्हता.

"भूक लागलीय," तो म्हणाला. आवाज मोकळा झाला होता. "आणि चित्र राहिलं बघ आत. जाऊ दे, उद्या."

"उद्या नाही जायचं. मी समितीला कळवते, उघडू नका म्हणून."

"बरं," तो म्हणाला. एवढ्या लवकर तो कधीच ऐकत नाही.

मी गाडी सुरू केली. आमच्या गाडीच्या सीटखाली वजन ओळखणारं काहीतरी बसवलेलं आहे. कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करत राहते, आणि लावेपर्यंत थांबत नाही. मागे एकदा मी त्या सीटवर बटाट्यांची पिशवी ठेवली होती, तर तिलाही ती ओरडली. नवरा पट्टा कधीच आपणहून लावत नाही. गाडीनं टोकलं की कुरकुरत लावतो.

त्याने पट्टा लावला नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता, हात मांडीवर ठेवून.

मी वाट पाहिली. इंजिन चालू होतं. गाडी गप्प होती.

मी सीटकडे पाहिलं. कापडाला सुरकुती पडलेली नव्हती.

फाटकाशी किल्लीबाई अजून उभ्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा पदरात बांधत. मी काच खाली करून हाक मारली असती तर त्यांनी दार पुन्हा उघडलं असतं. मी आत गेले असते. आत जे होतं त्याचा हात धरून ओढला असता, आणि तो या वेळी सुटला नसता, हे मला माहीत होतं. आणि सुटला असता तर छत उभं राहिलं नसतं, हेही माहीत होतं. माझं कामच आहे ते.

फोन वाजला. लेक होती. तिचा आवाज गाडीभर झाला.

"आई, कुठं आहात? मी भात लावू का? बाबा आहे ना बरोबर?"

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं आणि भुवया उंचावल्या, बोल ना, अशा अर्थानं. तोच चेहरा. गालावरचा तोच तीळ. मला तो घरी हवा होता, जेवायला, लेकीशी वाद घालायला, दर वेळी तोच विनोद करायला. तेवढंच मला हवं होतं, आणि जितकं मिळत होतं तितकं मी घेतलं.

"आहे," मी म्हटलं. "तिघांचा लाव. निघालोच."

किल्लीबाईंनी हात केला. मीही केला, आणि गाडी रस्त्यावर घेतली.